धर्माचा रकाना, जातीचा रकाना

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की दोन-अडीच महिने दुकानात पाय ठेवायला जागा नसते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमीलेयर, आणि सगळ्यात जास्त जातीचा दाखला. लोक पिशवीत कागद घेऊन येतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाचा उतारा, वंशावळ, प्रतिज्ञापत्र. मी एकेक कागद स्कॅन करून चढवतो.

अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा तरी बोलत असेन. ही तारीख बहुतेकांना नुसती एक सरकारी अट वाटते. माझ्या समाजासाठी मात्र ती फार वेगळी तारीख आहे. त्याच तारखेबद्दल आज लिहितोय.

मी ख्रिस्ती आहे. नगर जिल्ह्यातला, म्हणजे आता अहिल्यानगर. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते गावकुसाबाहेरच्या महारवाड्यात राहत होते, आणि बाप्तिस्म्यानंतरही तिथेच राहिले. पाणवठा बदलला नाही, स्मशानाची वाट बदलली नाही. बदललं एवढंच की वाड्यात एक पत्र्याची खोली उभी राहिली, तिथे पोरं पाटी घेऊन बसायला लागली आणि रविवारी उपासना व्हायला लागली. आमच्यातली जुनी माणसं चर्चला अजूनही देऊळच म्हणतात. "देवळात गेले होते" असं माझी आई म्हणते, तेव्हा शेजारच्या मावशींना वेगळं सांगावं लागत नाही.

ख्रिस्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर मुंबईचा वांद्रा येतो नाहीतर गोवा. फ्रॉक, गिटार, इंग्रजी. आमच्या आया नऊवारी नेसायच्या. आमची आडनावं गायकवाड, साळवे, जाधव, पाटोळे. आम्ही गातो ते उपासना संगीत मराठीत आहे आणि त्यातली कितीतरी पदं नारायण वामन टिळकांची आहेत. १८३१ पासून नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम आहे. 'ज्ञानोदय' १८४२ साली इथूनच सुरू झालं. आम्ही या मातीत कालपरवा आलेलो नाही.

टिळकांचं उदाहरण मुद्दाम घेतो. ते कोकणस्थ ब्राह्मण. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घर तुटलं, नातीगोती तुटली, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना ते हाल माहीत आहेत. विश्वासाची किंमत म्हणजे बहिष्कार, हे त्यांच्या बाबतीत खरं होतं.

पण माझ्या पणजोबांवर कोण बहिष्कार टाकणार? तो जन्मापासूनच होता. वाळीत टाकायला आधी गावात असावं लागतं. त्यामुळे आमच्या लोकांना विश्वासाची किंमत तेव्हा मोजावी लागली नाही असं कुणाला वाटेल, आणि काही मंडळी म्हणतातही की तुम्ही दुधासाठी, गव्हासाठी ख्रिस्ती झालात. ठीक आहे, म्हणा. दुष्काळात ज्याने भाकरी दिली आणि सोबत बसून खाल्ली, त्याच्या देवाबद्दल माणसाला उत्सुकता वाटली तर त्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. पण आमची किंमत पुढे यायची होती. ती आली स्वातंत्र्यानंतर, आणि कागदावरून आली.

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. कलम २५ ने प्रत्येकाला आपला धर्म मानायचं आणि पाळायचं स्वातंत्र्य दिलं. त्यानंतर साडेसहा महिन्यांनी, १० ऑगस्टला, अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटलंय की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला, १९९० साली बौद्धांचा. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. आमच्या समाजात १० ऑगस्ट हा काळा दिवस म्हणून पाळला जातो तो यासाठी.

याचा अर्थ साध्या भाषेत सांगतो. एका आज्याचे दोन नातू, एकाच वस्तीत घर, गावाची नजर दोघांकडे सारखीच. एकाच्या दाखल्यावर 'हिंदू महार', दुसऱ्याच्या दाखल्यावर 'ख्रिश्चन'. पहिल्याला शिक्षणात, नोकरीत, निवडणुकीत राखीव जागा. दुसऱ्याला त्यातलं काही नाही. इतकंच काय, उद्या कुणी दोघांनाही जातीवरून शिवी दिली, तर अॅट्रॉसिटीचा कायदा पहिल्याच्याच कामी येतो. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पाळकाच्या प्रकरणात हेच सांगितलं. शिवी देणारा मात्र आधी तुमचा बाप्तिस्म्याचा दाखला मागत नाही. (मागासवर्गीयांच्या इतर याद्यांत कुठे काय बसतं हा वेगळा हिशोब आहे. इथे मी फक्त अनुसूचित जातीबद्दल बोलतोय.)

म्हणून मग काय होतं? जे तुम्हाला माहीत आहे तेच. रविवारी ख्रिस्ती, कागदावर हिंदू.

हे आमच्यातलं उघड गुपित आहे. मी त्याच्या मधोमध बसतो. देवळात शेजारी बसणारा माणूस सोमवारी दुकानात येतो, आवाज खाली करतो आणि म्हणतो, "धर्म हिंदू टाक." मी एकच करतो. प्रतिज्ञापत्र त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "दादा, सही तुमची आहे. आधी वाचा, मग सांगा काय टाकायचं ते." काही वाचतात आणि सही करतात. काही वाचतात आणि कागद घडी घालून घरी नेतात. त्यातले काही परत येतात, काही येत नाहीत. कोण कुठल्या प्रकारचा हे मी बायकोलाही सांगत नाही.

त्या लोकांना ढोंगी म्हणणं फार सोपं आहे. मला ते म्हणता येत नाही. माझे थोरले काका असेच एक. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जुन्या नोंदीवरून 'हिंदू महार' लिहिलं, कुणी बदललं नाही, पुढे त्याच दाखल्यावर त्यांना सरकारी नोकरी लागली. शिपायाची. ७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या घरात पहिल्यांदा महिन्याला पगार यायला लागला. त्या पगारातून आमच्या घरातल्या चार पोरांच्या फिया भरल्या गेल्या, त्यातला एक मी. काका पहाटे उठून बायबल वाचणारा माणूस. त्यांच्याइतकी प्रार्थना करणारा माणूस मी पाहिला नाही. पण तीस-बत्तीस वर्षं त्यांनी देवळाच्या वर्गणीच्या यादीत स्वतःचं नाव येऊ दिलं नाही. पैसे काकूच्या नावाने द्यायचे. नाताळच्या फोटोत मागे उभे राहायचे. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेवर क्रूस छापायचा की नाही यावर घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही.

खोटं बोलून माणूस मजेत राहतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे घर बघायला हवं होतं.

आता तर भीती जास्तच आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या खटल्यात सांगितलं की ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवणं ही संविधानाची फसवणूक आहे. त्या खटल्यात चौकशी करणाऱ्यांनी तिचा बाप्तिस्मा झाल्याचं आणि ती नियमित चर्चला जात असल्याचं नोंदवलं होतं. आपल्याकडेही जात पडताळणीला दक्षता पथक घरी येऊन चौकशी करू शकतं. म्हणून लोक पाळकांना सांगतात, नोंदवहीत नाव नको, ग्रुपवर फोटो नको. भिंतीवरची येशूची तसबीर कपाटात जाते. फक्त मेल्यावर खोटं बोलता येत नाही. दफनभूमीत खड्डा खणावा लागतो आणि सगळ्या गावाला दिसतो.

न्यायालयाचं ते म्हणणं कायद्याप्रमाणे असेल. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. खरं बोलणाऱ्याला दंड आणि लपवणाऱ्याला सवलत, अशी व्यवस्था मुळात केली कुणी?

"तुमच्यात तर जात नाही ना, मग सवलत कशाला?" हा प्रश्न मला कमेंटमध्ये हमखास येणार, म्हणून आधीच उत्तर देतो. शीख धर्मही जात मानत नाही. बौद्ध धम्म तर जात नाकारूनच उभा आहे. तरी त्यांना सवलत आहे आणि ती असायलाच हवी, कारण धर्म जात मानतो की नाही हा प्रश्नच नाही. गाव मानतं की नाही हा प्रश्न आहे.

मद्रासमधल्या सूसाई नावाच्या माणसाची गोष्ट सांगतो. तो आदि द्रविड जातीचा, ख्रिस्ती झालेला. रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवायचा. सरकारने अनुसूचित जातीच्या चांभारकाम करणाऱ्यांना फुकट टपऱ्या दिल्या, याला दिली नाही, कारण हा ख्रिस्ती. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ साली निकाल लागला, विरोधात. न्यायालय म्हणालं, धर्म बदलल्यावरही जातीचा त्रास तितकाच टिकून राहतो हे पुराव्यानिशी दाखवा. माणूस तोच, फूटपाथ तोच, आरी तीच. आणखी कुठला पुरावा द्यायचा?

गंमत बघा. त्याच्या एकच वर्ष आधी, १९८४ मध्ये, त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात म्हटलं होतं की धर्म बदलल्यावर मूळ जातीला ग्रहण लागतं, आणि माणूस हिंदू धर्मात परत आला की ती पुन्हा दिसायला लागते. २०१५ मध्येही परत येणाऱ्याला जात परत मिळू शकते हे सांगितलं. ग्रहणात चंद्र कुठे जात नाही हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. म्हणजे आमची जात गेलेली नाही हे कायद्यालाही ठाऊक आहे. फक्त ती बघायची की नाही हे आम्ही कुठल्या देवासमोर हात जोडतो यावर ठरतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो माझ्या बौद्ध आणि हिंदू दलित मित्रांकडून येतो. "आहे त्यातच पुरत नाही, आणखी वाटेकरी कशाला?" या भीतीला मी हसत नाही. महाराष्ट्रात १३ टक्के, केंद्रात १५ टक्के, आणि सरकारी नोकऱ्या दरवर्षी कमीच होतायत. ताट तेवढंच ठेवून पंगतीत माणसं वाढवा असं आम्हीही म्हणत नाही. आमची डोकी मोजा आणि त्या प्रमाणात ताट वाढवा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सगळे ख्रिस्ती मिळून साधारण १० लाख ८० हजार होते, शंभरात एकही नाही. त्यात आम्ही एक हिस्सा. आणि बौद्ध बांधवांना एक आठवण करून देतो. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्यांनी छातीठोकपणे 'बौद्ध' लिहिलं, त्यांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावं लागलं. चौतीस वर्षं. खरं लिहायची किंमत काय असते ते तुमच्या आजोबांना माहीत होतं. आमची थांबायची मुदत पंचाहत्तरच्या पुढे गेलीय.

रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये अहवाल दिला आणि तिसरा परिच्छेद काढून टाका असं सांगितलं. त्या आधी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, तिला वीस वर्षं होऊन गेली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला, दोन वर्षांच्या मुदतीने. मग मुदत वाढवली. आम्ही वाट बघतोय. पण प्रवेशाची तारीख वाट बघत नाही.

यंदा माझ्या मुलीची बारावी झाली. तिला बी. फार्मसी करायचंय. काका म्हणाले, "कोतवाल बुकात तुझ्या पणजोबांच्या नावापुढे महार आहे. ते खोटं आहे का? मग घे दाखला. देवाला कागद वाचता येत नाहीत का? त्याला सगळं कळतं." मी गप्प बसलो, कारण त्यांच्या पगारावर शिकलेल्या माणसाला त्यांना उत्तर द्यायचा अधिकार आहे असं मला वाटत नाही. उत्तर मुलीने दिलं. "आजोबा, कोतवाल बुकातलं खरंच आहे. पण प्रतिज्ञापत्र आजचं आहे. त्यावर मी हिंदू आहे असं लिहायचंय, आणि मी रविवारी शाळेत लहान मुलांना शिकवते."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला तुझ्या वयात कुणी विचारलंच नाही गं." आणि खिशातून पाचशेची नोट काढून तिच्या हातात दिली.

तिने खुल्या प्रवर्गातून फॉर्म भरला. जवळच्या कॉलेजचा नंबर थोडक्यात हुकला, लांबच्या ठिकाणी मिळाला. बायकोचं सोनं गहाण आहे, शैक्षणिक कर्जाचा अर्ज केलाय, होस्टेलचा खर्च वेगळा. यात शौर्य वगैरे काही नाही. महिन्याच्या पाच तारखेला हप्ता गेला की शौर्य कुठल्या कुठे जातं. आणि मी हेही जाणतो की माझ्याकडे निदान दुकान आहे, गहाण ठेवायला सोनं होतं. मजुरी करणाऱ्या बापाला मी माझ्या मुलीचा दाखला देऊन उपदेश करणार नाही.

बायबलमध्ये पेत्राची गोष्ट आहे. अंगणात शेकोटीपाशी बसलेल्या पेत्राला एक मोलकरीण विचारते, तू त्याच्याबरोबरचाच ना? तो नाही म्हणतो. कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाही म्हणतो. या गोष्टीवर दरवर्षी उपदेश होतो आणि त्या दिवशी देवळात अर्धी मंडळी खाली बघत असतात. मला नेहमी वाटतं, आपण फक्त पेत्राकडे बघतो. त्याला त्या शेकोटीपाशी भीती का वाटत होती, ती कुणी निर्माण केली होती, हे विचारत नाही. आणि पुढे येशूने त्याला टाकून दिलं नाही, उलट कळप सांभाळायला दिला, हे तर विसरतोच.

आता थोडं घरातलं. आमच्या पुढाऱ्यांना, पाळकांना, फादरांना हात जोडून सांगतो. सरकार आम्हाला म्हणतं, धर्म लपवा तर जात बघू. आणि आपली मंडळी काय म्हणते? जात लपवा, आपण सगळे ख्रिस्तात एक. एक असतो तर लग्नं जमवताना "ते कुठले, मूळचे कोण" हे कुजबुजत विचारलं गेलं नसतं. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्या सोयरिकी किती होतात ते मंडळीतल्या लग्नाच्या नोंदवहीत बघा. आपणच जात नाही म्हणत राहिलो तर त्रास दाखवा म्हणणाऱ्या न्यायालयाला काय दाखवणार?

विश्वासूपणे जगणं म्हणजे आमच्यासाठी दोन्ही रकाने खरे भरणं. आम्ही ख्रिस्ती आहोत, आणि जातीने आमचं जे केलंय ते आमच्या अंगावर आहे. एक सांगण्यासाठी दुसरं लपवायला लावणं हा अन्याय, मग ते सरकारने करो की मंडळीने.

येत्या जनगणनेत, २०२७ च्या, धर्माबरोबर जातही विचारली जाणार आहे. मी काय सांगणार ते आताच लिहून ठेवतो. धर्म ख्रिस्ती. जात महार. जनगणनेतल्या उत्तराने कुणाचा दाखला जात नाही, ती माहिती कायद्याने गोपनीय असते. त्यामुळे माझ्या लोकांना एवढंच सांगणं आहे की निदान तिथे तरी घाबरू नका, दोन्ही सांगा. आपण किती आहोत हेच कुणाला माहीत नसेल तर आपल्यासाठी मागणार तरी काय?

आणि जे ख्रिस्ती नाहीत, त्यांना एक विनंती. तुमच्या ओळखीत असा एखादा 'कागदावर हिंदू' असेल, आणि तो असणारच, तर त्याची तक्रार करायला धावू नका. त्याच्या घरी जाऊन चहा घ्या. आणि आपल्या आमदार-खासदारांना विचारा, तिसऱ्या परिच्छेदाबद्दल तुमचं मत काय? त्यांनी तो वाचलाच नसेल तर ही पोस्ट पाठवा.

मत वेगळं असेल तर जरूर लिहा, मी वाचतो. फक्त कमेंटमध्ये कुणाचं नाव, गाव टाकू नका. लोकांच्या नोकऱ्या आहेत.

जय ख्रिस्त. जय भीम.